झिजलेल्या ज्वाळा

पिनबॉलचा पोलादी गोळा ८० ग्रॅम वजनाचा असतो. व्यास २७ मिलिमीटर, म्हणजे चांगल्या मोठ्या बोराएवढा. हातात धरला तर थंड आणि गुळगुळीत लागतो, याच्यानं कशाचं काही बिघडेल असं वाटत नाही. पण हाच गोळा एकाच वाटेवरून वर्षानुवर्षं धावत राहिला की आधी चकाकी खातो, मग रंग, मग रंगाखालचा फिका थर आणि शेवटी लाकूड. आमच्या तळघरातल्या मशीनवर, मधल्या फिरत्या चकतीच्या कडेला, असं उघडं पडलेलं लाकूड होतं. दोन बोटं रुंद, चंद्रकोरीसारखं वळलेलं, मळून काळपट झालेलं. पिवळ्या-केशरी ज्वाळा त्याच्या अलीकडे येऊन थांबायच्या आणि पलीकडे पुन्हा सुरू व्हायच्या. त्या कोरीवर आणि तिच्या आसपास मी दीड वर्ष काम केलं, त्याची ही हकीकत.

मशीनचं नाव 'फायरबॉल'. शिकागोच्या बॅली कंपनीनं ते १९७२ मध्ये बाजारात आणलं. रचना टेड झेल यांची, चित्रं डेव्ह क्रिस्टेन्सन यांची. एकूण ३,८१५ मशिनं तयार झाली. मी शिकागोच्या एका उपनगरात राहते. कारखान्यातून निघालेलं हे यंत्र ५० वर्षांनंतर त्याच महानगराच्या एका गराजमध्ये धूळ खात उभं होतं, तिथून ते मी घरी आणलं.

ज्यांच्या लहानपणी घरात खिळे ठोकलेला बागाटेलचा बोर्ड होता, त्यांना पिनबॉल वेगळा समजावून सांगायला नको. बागाटेलला स्प्रिंगचा दांडा बसवण्याचं पेटंट सिनसिनाटीच्या मॉन्टेग्यू रेडग्रेव्हनं १८७१ मध्ये घेतलं. १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलिबनं शिकागोत 'बॅफल बॉल' काढला आणि मंदीनं गांजलेल्या लोकांना एका पेनीत घटकाभराचा विरंगुळा मिळाला. त्या खेळात गोळा सोडला की पुढचं सगळं नशिबावर. खेळणाऱ्याच्या हाती काही आलं ते १९४७ मध्ये, हॅरी मॅब्सनं 'हम्प्टी डम्प्टी'ला सहा फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की गोळा परत उडवणारे छोटे दांडे, बसवले तेव्हा. तोवर न्यूयॉर्कनं हा खेळ जुगार ठरवून बंद केला होता. १९४२ मध्ये महापौर ला गार्डिया यांनी स्वतः हातात घण घेऊन मशिनं फोडली, तशी छायाचित्रं आहेत. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकारानं नगर परिषदेच्या समितीपुढं मशीन लावून, गोळा कोणत्या वाटेनं जाणार ते आधी सांगून तिथंच पाठवून दाखवला, तेव्हा हा कौशल्याचा खेळ आहे हे मान्य झालं. म्हणजे माझं 'फायरबॉल' जन्मलं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ते ठेवणं गुन्हा होता. खुद्द शिकागोतही बंदी होती. देशभरच्या खेळघरांसाठी मशिनं बनवणारं हे शहर आपल्या रहिवाशांना ती खेळू देत नव्हतं.

'फायरबॉल'चं वैशिष्ट्य म्हणजे मधली चकती. खेळ चालू असेपर्यंत ती फिरत राहते. तिच्यावर आलेला गोळा कुठल्या दिशेला भिरकावला जाईल ते सांगता येत नाही. वर दोन सापळे आहेत, एकाचं नाव ओडिन, दुसऱ्याचं वोटान. ही एकाच देवाची उत्तरेकडची आणि जर्मन अशी दोन नावं. त्यांत अडकलेले गोळे सुटले की एकाच वेळी तीन गोळे फळीवर धावतात. खाली झेल यांचे आवडते 'झिपर' फ्लिपर, जे विशिष्ट बंपरला गोळा लागला की एकमेकांना चिकटतात आणि मधली फट बंद करतात. आणि या सगळ्याखाली क्रिस्टेन्सननं पेटवलेली आग.

या आगीची घडण समजून घेतल्याशिवाय तिला हात लावू नये. प्लेफील्ड, म्हणजे खेळाची फळी, मेपलचा पापुद्रा दिलेल्या प्लायवूडची असते. साधारण २० इंच रुंद, साडेतीन फूट लांब. तिच्यावर रेशमी जाळीतून, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगनं, एकेक रंग छापायचा. आपल्याकडं लग्नपत्रिका छापायचे तसंच, फक्त रंग जास्त. प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. आधी फिका तळ, मग पिवळा, केशरी, लाल, निळा आणि सगळ्यांत शेवटी काळा. दोन रंगांच्या सीमेवरच्या फटी काळी रेघ झाकून टाकते. जाळी अर्धा मिलिमीटर सरकली की रेघेबाहेर पिवळ्याची कड डोकावते. माझ्या फळीवर ती उजवीकडं सगळीकडं डोकावते. छपाईच्या दिवशी कुणाच्या तरी हातून जाळी तेवढी सरकली होती. त्या माणसाचं नाव कुठंही नोंदलेलं नाही, त्याची खूण मात्र तिथं आहे.

छपाईवर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा पातळ थर. लॅकर हा शब्द आपल्या लाखेचा, संस्कृत लाक्षेचा. माझं माहेर सावंतवाडीचं. चितारआळीत लाकडी फळं, भाज्या, पाट यांच्यावरची चकाकी बघत मी मोठी झाले. या अमेरिकन लॅकरमध्ये मात्र लाख औषधालाही नाही. तो कापसाच्या तंतूंवर रासायनिक प्रक्रिया करून केलेला द्रव. झटपट वाळतो, सुरुवातीला छान दिसतो, पण वय झालं की पिवळा पडतो, कडक होतो आणि बारीक तडे जातात. गोळ्यावरची काळी धूळ त्या तड्यांत बसते. शिवाय फळीत दिव्यांसाठी भोकं पाडून रंगीत प्लास्टिकच्या चकत्या बसवलेल्या असतात. शिकागोच्या तळघरात उन्हाळ्यात ओल, हिवाळ्यात हीटरची कोरडी हवा. लाकूड फुगतं, आक्रसतं. प्लास्टिक जागचं हलत नाही. मग चकतीची कड केसभर वर येते किंवा खाली बसते, आणि धावता गोळा दर वेळी त्या कडेवर आपटतो. रंग सगळ्यांत आधी तिथं जातो. दिव्यांची उष्णताही चकत्या वाकवते. ४४ नंबरचा दिवा पाव अँपिअर वीज घेतो, ४७ नंबरचा ०.१५ अँपिअर. जुन्या मशीनमध्ये पहिला सापडला तर काढून दुसरा लावावा. एवढ्यानं पुढची बरीच झीज टळते.

कामाची सुरुवात कॅमेऱ्यापासून. फळीवरची प्रत्येक रबरी कडी, खांब, प्लास्टिकचा पत्रा काढण्यापूर्वी फोटो, आणि काढलेला स्क्रू चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. बंपर काढायचे तर फळी उलटी करून खालच्या तारांचे डाग सोडवावे लागतात. हा भाग कंटाळवाणा आहे आणि त्यात घाई करून चालत नाही. खांब निघाले की त्यांच्याखाली छोटी गोल वर्तुळं दिसतात. तिथं गोळा कधी पोचला नाही, दिव्याचा उजेडही नाही. त्या वर्तुळांतला केशरी अजून १९७२ चा आहे. बाजूचा केशरी विटलाय, लॅकरच्या पिवळेपणानं मळलाय. एकाच फळीवर दोन केशरी. कोणता खरा, हा प्रश्न पुढं मला महिनाभर पुरला.

साफसफाईत मी एक चूक केली. मेलामाइनचा पांढरा स्पंज आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी तड्यांतला काळा मळ सुरेख निघतो. हा स्पंज खरं तर मऊ सँडपेपरच आहे आणि अल्कोहोल लॅकरला विरघळवतं, हे मला माहीत होतं. तरी एका दिव्याच्या चकतीभोवतीचा मळ निघत नाही म्हणून मी चार वेळा जास्त फिरवला आणि मळाबरोबर काळ्या रेघेचा दोन सेंटिमीटरचा तुकडा स्पंजावर आला. मूळ छपाई, जी गोळ्यालाही ५० वर्षांत नेता आली नव्हती. त्यानंतर बहुतेक सफाई मी नॅप्थानं केली. तो मेण आणि तेलकट मळ काढतो, रंगाला सहसा धक्का लावत नाही. वेळ तिप्पट लागला. माझा सल्ला असा: थोडा मळ राहिला तर राहू द्या. मळ उद्या काढता येतो, गेलेली रेघ परत येत नाही.

बंपरभोवती आधीच्या कुणी मालकानं झीज थांबवण्यासाठी पारदर्शक मायलरची चिकटपट्टी लावली होती. ती ओढून काढली तर रंगासकट येते. दाबहवेचा डबा उलटा धरून फवारला की पट्टी गोठते, गोंद ठिसूळ होतो आणि ती कडेपासून इंच-इंच सुटते. मागं राहिलेला गोंद काढायला सर्वांत चांगली वस्तू स्वयंपाकघरात असते. मैदा. गोंदावर चिमूटभर मैदा, त्यावर अल्कोहोलचे मोजके थेंब, आणि बोटानं हलकं चोळायचं. गोंद मैद्यात गुंतून वळकट्या होऊन निघतो. स्पंजाची चूक आठवून प्रत्येक वेळी दहा मोजून पुसून घेत होते.

सैल चकत्या खालून बाहेर ढकलून, जुना गोंद खरवडून, इपॉक्सीनं पुन्हा बसवल्या. वर सपाट ठोकळा ठेवून शिकंज्यात रात्रभर दाबल्या. नखाला कड लागली नाही तरच पुढं जायचं. वरचा रंग कितीही चांगला लावला तरी खालची चकती वर-खाली असेल तर तो वर्षभरात पुन्हा उडतो. विकायला काढलेल्या कितीतरी 'दुरुस्त' फळ्यांवर नेमकं हेच टाळलेलं दिसतं, आणि घेणाऱ्याला ते फोटोत कळत नाही.

मग रंग. त्या उन्हाळ्यात बाबा सावंतवाडीहून आले होते. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. फळीकडं ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "कोणी काढला गो ह्यां? हात चांगलो आसा." क्रिस्टेन्सनच्या चित्राला मिळालेली ही दाद मला फार मोलाची वाटली. पिनबॉलच्या चित्रकारांची नावं मशीनवर बहुधा नसायची. गॉटलिबच्या मशिनांसाठी शेकडो चित्रं काढणारे रॉय पार्कर हयातभर खेळणाऱ्यांना अनोळखीच राहिले.

केशरी जुळवण्याचा माझा पहिला प्रयत्न बाटलीतला शुद्ध केशरी थेट लावण्याचा होता. पारदर्शक फिल्मच्या तुकड्यावर ठिपका काढून तो फळीवर धरायचा, म्हणजे फळीला न लावता रंग ताडून पाहता येतो. माझा केशरी तिथं झेंडूच्या ताज्या फुलासारखा ओरडत होता. बाबा म्हणाले, "थोडी माती घाल." म्हणजे रॉ अंबर, मातकट तपकिरी. सुईच्या टोकावर मावेल एवढा घातला आणि रंग खाली बसला. ॲक्रिलिक ओला असताना फिका आणि वाळल्यावर गडद दिसतो, म्हणून प्रत्येक ठिपका वाळेपर्यंत थांबायचं. दिवसाच्या उजेडात जुळलेला रंग बल्बच्या पिवळ्या उजेडात वेगळा पडतो. हे मशीन तर अंधाऱ्या खोलीत स्वतःच्याच बल्बांच्या उजेडात बघायचं असतं. मी दोन्ही उजेडांत जुळेपर्यंत केशरीचे ४१ ठिपके काढले. ती फिल्म जपून ठेवली आहे.

आणि कोणता केशरी खरा? खांबाखालचा मूळ आहे, यात वाद नाही. पण तोच जुळवला तर फळीवर माझी ठिगळं चमकतील आणि क्रिस्टेन्सनची आग त्यांच्यापुढं विझल्यासारखी दिसेल. ठिगळं खपवायची तर सगळीच फळी नव्यानं रंगवावी लागेल. बरेच जण तेच करतात. आता स्कॅनरवर फळी उतरवून, संगणकावर रेषा न् रेषा नव्यानं काढून हुबेहूब नवी फळी छापून मिळते. जिथं मूळ फळीच कुजली आहे तिथं ती वरदानच आहे. पण तीन चतुर्थांश रंग शाबूत असलेली मूळ फळी उतरवून नवी बसवणं मला मान्य नाही. त्या सरकलेल्या जाळीची पिवळी कड नव्या छपाईत 'सुधारलेली' असते. मी आजच्या, विटलेल्या केशरीला जुळवलं. आणि रंग फक्त जिथं लाकूड उघडं होतं तिथंच लावला. शेजारच्या मूळ रंगावर ब्रश जाऊ दिला नाही.

चित्रांच्या संवर्धनात हा वाद जुना आहे. रोमच्या केंद्रीय संवर्धन संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी भर घालण्याची एक पद्धत रूढ केली. गेलेल्या जागी बारीक उभ्या रेघा ओढायच्या, म्हणजे दुरून चित्र अखंड दिसतं आणि जवळून मूळ कुठलं, भर कुठली ते कळतं. ही पद्धत मी चंद्रकोरीवर करून पाहिली आणि पुसून टाकली. भिंतीवरच्या चित्रापाशी माणूस उभा राहतो, या चित्रावरून गोळा सेकंदात पार होतो. रेघांनी खेळणाऱ्याची नजर चुकते. म्हणून भरीव रंग, आणि त्यावर मऊ ब्रशनं काळी रेघ, मूळ रेघेइतकीच थोडी खडबडीत. स्पंजानं नेलेला तुकडाही त्याच दिवशी भरला.

सर्वांत कठीण निर्णय शेवटच्या थराचा. नुसता ॲक्रिलिक गोळ्याखाली काही महिन्यांतच झिजेल. त्याच्यावर टिकाऊ थर हवा, आणि टिकाऊ म्हणजे मोटारींवर मारतात तो दोन घटकांचा पॉलियुरेथेन. काचेसारखा कडक. पण एकदा मारला की खालच्या चित्राला न दुखवता काढता येत नाही. अजिंठ्याची गोष्ट इथं आठवल्याशिवाय राहत नाही. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानानं इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी यांना बोलावलं. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले, त्यामुळं पुष्कळ चित्रं वाचली. पण रंग खुलावेत म्हणून त्यांवर चपड्याचा, म्हणजे आपल्या लाखेचाच, थर दिला गेला. तो पुढं पिवळा-तपकिरी पडला, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो उतरवण्यात कित्येक दशकं घालवावी लागली. चेक्कोनी आपल्या काळातले जाणते संवर्धक होते. त्यांना थर देताना जे दिसलं नाही ते मला दिसेल असं मी कशावरून म्हणू?

तरीही मी थर दिला. अजिंठ्याची भिंत बघण्यासाठी आहे, ही फळी खेळण्यासाठी. न खेळलेलं पिनबॉल हे नुसतं कपाट. आमच्या सावंतवाडीची गंजिफा पाहा. दशावतारी जोडातली १२० गोल पानं, प्रत्येक हातानं रंगवलेलं, वर लाखेची झिलई. १९७० च्या दशकात राजवाड्यानं चितारींना पुन्हा कामाला लावलं म्हणून ती कला जगली. पण ती पानं आज बहुतेक काचेच्या पेटीत किंवा भिंतीवर असतात, खेळणारे बोटांवर मोजण्याइतकेच. चित्र वाचलं, खेळ सुटला. 'फायरबॉल'चं तसं होऊ नये, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

फवारणी मी घरी केली नाही. त्या रसायनातल्या आयसोसायनेटमुळं कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा कोळशाचा मास्क त्याला पुरेसा मानत नाहीत. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. कुणी घरच्या गराजमध्ये करा म्हणालं तर ऐकू नका. मोटारी रंगवणाऱ्या एका कारखान्यात फळी नेली. मेणाचा किंवा सिलिकोनचा अंश राहिला तर थराला माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात, म्हणून आदल्या दिवशी तीनदा पुसली. आरशासारखे जाड थर देण्याची प्रथा आहे. मी दोनच पातळ थर मागितले. मधल्या वेळात ८०० च्या पाणकागदानं घासून, शेवटी २,००० पर्यंत. लॅकरचे जुने तडे अजून दिसतात, ते दिसायलाच हवेत.

फळीच्या खालच्या टोकाला, जिथं धातूचा पत्रा येतो आणि गोळा कधीच पोचत नाही, तिथं तीन इंचांची पट्टी मी झाकून ठेवायला लावली. तिथं ना सफाई, ना रंग, ना नवा थर. व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये १९८० नंतरच्या सफाईत काही काळे चौकोन मुद्दाम राखले आहेत, तसाच हा साक्षीचा तुकडा.

थर पुरता कडक व्हायला मी सहा आठवडे दिले. मग नवे रबर, ४७ नंबरचे दिवे, कार्नोबा मेणाचा हात आणि नवे गोळे. जुने गोळे बारीक खड्ड्यांनी भरले होते, ते परत वापरले असते तर त्यांनी पुन्हा कानशीसारखं काम केलं असतं. ज्यांच्याकडं असं मशीन आहे त्यांनी दुसरं काही केलं नाही तरी गोळे वेळेवर बदलावेत.

पहिला डाव बाबांनी खेळला. गोळा फिरत्या चकतीवर गेला, भिरकावला गेला, कोरीवरून दोनदा घरंगळला आणि खाली आला. "परत सोड," ते म्हणाले.

फळीच्या मागच्या बाजूला, तारांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मी पेन्सिलीनं एक छोटा नकाशा काढला आहे. कुठली जागा मी रंगवली, कुठल्या चकत्या बसवल्या, कुठली रेघ माझ्या हातून गेली, वरचा थर कोणता, आणि तारखा. पुढं ज्याच्या हाती ही फळी येईल त्याला ते मराठीत आणि इंग्रजीत वाचायला मिळेल.